हॉलला पीओपी, स्वयंपाकघराला पाट

आमच्या वडिलांना स्लॅबचं कोण कौतुक! अर्धा जन्म उल्हासनगरच्या कॅम्पात पत्र्याखाली काढलेला माणूस. ऐंशी सालानंतर बदलापुरात फ्लॅट घेतला, तेव्हा आलेला पाहुणा टेकायच्या आत बोट वर करून सांगायचे, "स्लॅब आहे हां, स्लॅब." जसं काही बाकीचं बदलापूर केळीच्या पानाखाली राहत होतं. त्या स्लॅबला खिळा मारायचा नाही, हुक लावायचा नाही. आणि सगळ्यात मोठा अभिमान कशाचा, तर वायरी दिसत नाहीत याचा. पत्र्याच्या खोलीत लाकडी पट्टीवरून वायर भिंतभर फिरायची. ती पट्टी म्हणजे बाबांना गरिबीची खूण वाटायची. इथे सगळं आतून. स्लॅब भरतानाच पाइप टाकलेले, त्यातून वायरी. "कन्सील्ड आहे," ते म्हणायचे. हा शब्द ते अंबरनाथच्या कारखान्यातून शिकून आले होते आणि शेजारपाजारच्या सगळ्यांना शिकवत होते.

आत काय दिवे लावलेत ते बिल्डरला माहीत आणि त्याच्या देवाला. वायर अ‍ॅल्युमिनियमची, वाकवली की तुटणारी. वरच्या मजल्याची मोरी गळायची, ते पाणी स्लॅबमधून आमच्या पाइपात. प्लगला भोकं तीन, पण तिसऱ्याच्या मागे काहीच जोडलेलं नाही. अर्थिंगचं भोक नुसतं शोभेला! वरून कीर्तन आणि आतून तमाशा म्हणतात तो हाच.

तमाशा बघायची पाळी आईची. पावसाळा लागला की स्वयंपाकघराची भिंत ओली व्हायची आणि मिक्सरला हात लावला की मुंग्या यायच्या. आई पाटावर उभी राहून बटण दाबायची. आमच्या बिल्डिंगीतल्या सगळ्याच बायका तसंच करायच्या. कुणाकडेही गेलात तरी ओट्याखाली पाट असायचाच. नवऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बाबा तर म्हणायचे, "लाकडाला करंट लागत नाही," आणि पेपर वाचायला लागायचे. एवढं विज्ञान त्यांना पुरत होतं.

एका श्रावणात आईचा हात मिक्सरलाच चिकटला. मी समोर होते. तिचं तोंड उघडं, आवाज नाही. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तशी ती पाटासकट मागे कोसळली. वाटणाचं भांडं उडून हिरवी चटणी छतापर्यंत गेली. दोन दिवस तिला त्या हाताने घास उचलता आला नाही. बाबा घरी आले, आधी वर बघितलं आणि म्हणाले, "स्लॅबला डाग पडला की!" कपाळ माझं. त्या दिवसापासून मला एकच धास्ती होती, की एक दिवस कामावरून येईन आणि आई ओट्याशी पडलेली सापडेल.

मी भांडभांड भांडले तेव्हा कुठे उल्हासनगरच्या कॅम्प तीनच्या बाजारातून वायरमन आला. कानावर टेस्टर, गालात पान. प्रत्येक बोर्डाला टेस्टर लावायचा, दिवा पेटला की मान हलवून सांगायचा, "करंट है." आईचा हात चिकटला तेव्हाच आम्हाला ते कळलं होतं, त्याला पैसे कशाला द्यायचे? मग त्याने जुन्या वायरी ओढून काढायच्या आणि त्यांच्या जागी तांब्याच्या सरकवायच्या म्हणून पाइपात स्टीलची लांब तार घातली. हॉलमध्येच ती अर्ध्यावर अडकली. इकडून ओढली, तिकडून ढोसली, एकदा तर तोच तारेला लोंबकळला. "पाइप जाम है सेठ. स्लॅब भरते टाइम सिमेंट अंदर गया." म्हणजे आमच्या कन्सील्डमध्ये सिमेंट कन्सील केलेलं होतं. छान!

आता राहिले दोनच मार्ग. स्लॅब फोडायचा, नाहीतर वरून पट्टी मारून नवी वायर न्यायची. स्लॅबला छिन्नी म्हटल्यावर बाबांना घाम फुटला. पट्टी म्हटल्यावर त्याहून जास्त. "लोक काय म्हणतील? कॅम्पातून आले आणि कॅम्प घेऊन आले!" मी म्हटलं, लोक म्हणू देत, आईचा जीव जातोय. "काही जात नाही," बाबा म्हणाले, "इतकी वर्षं नाही गेला." आई आतून सगळं ऐकत भाजी चिरत होती.

वायरमन मोठा चलाख. गिऱ्हाइकाला कुठे दुखतं ते त्याने बरोबर हेरलं. "पीओपी करो सेठ. पट्टी ऊपर, पीओपी नीचे. सब छुप जायेगा." त्याचा मेव्हणा पीओपीच करायचा, हेही ओघाने कळलं. झालं! महिनाभर घरात पांढरी धूळ. हॉलला नवं छत चढलं. कडेने वेलबुट्टी, मधोमध कमळ, कमळातून झुंबर. वायर तांब्याची, अर्थिंगची तार थेट मीटरपासून ओढलेली. त्या अर्थिंगवर काय चालायचं? टीव्ही आणि फ्रिज. फ्रिज अर्थातच हॉलमध्ये, तोही दाखवायलाच घेतलेला. स्वयंपाकघरापर्यंत पोचायच्या आत हौस आणि पैसा दोन्ही संपली. "आतलं नंतर बघू. आत कोण बघायला येतंय?" बाबांनी हे अगदी सहज म्हटलं. मला इतका संताप आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण ते मान वर करून फिरत होते.

मग सुरू झालं छतदर्शन. शुक्रवारी आमच्याकडे कारखाने बंद, त्यामुळे दर शुक्रवारी कुणी ना कुणी हजर. एका शुक्रवारी बाबांच्या खात्यातले लोक बायकापोरांसह आले. सगळे सोफ्यावर ओळीने, माना मागे टाकून, तोंडं उघडी, दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे. बाबा बटणं दाबत होते. आधी कडेचे दिवे, मग कमळातले, मग दोन्ही. "वा साहेब," पाहुणे म्हणत होते. आत वडे तळून झाले होते, चटणी व्हायची होती. बाहेर पावसाची झड लागलेली आणि स्वयंपाकघराची भिंत घामेजलेली.

"अगं, चटणी आण लवकर," बाबांनी हाक मारली.

आई बाहेर आली. एका हातात मिक्सर, दुसऱ्या हातात खोबरं-मिरचीचं भांडं. कुणाकडे न बघता तिने टीव्हीचा प्लग काढला, मिक्सरचा लावला आणि झुंबराखाली फतकल मारून बसली. घर्रर्र! बाबा कमळाबद्दल काहीतरी सांगत होते, त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. तिने झाकण उघडलं, चमच्याने चटणी खाली सारली आणि पुन्हा फिरवला. अगदी सावकाश, जराही घाई नाही.

"अगं, हे काय? आत जा ना," बाबा दातओठ खात, पण हसऱ्या तोंडाने म्हणाले. "पाहुणे बसलेत."

आईने मिक्सर बंद केला.

"आत शॉक लागतो," ती म्हणाली. "आणि आत मेले तरी तुम्ही मला इथेच आणून ठेवणार ना, या झुंबराखाली? लोकांना नीट दिसावी म्हणून. मग जिवंत आहे तोवरच बसते की."

कुणाची मान वर राहिली नाही. एका बाईने पदर तोंडाला लावला. बाबांचं बोट अजून बटणावर होतं, ते त्यांनी खाली घेतलं. कोपऱ्यातली छत्री उचलली आणि पाहुण्यांना तसंच बसलेलं ठेवून, भर पावसात वायरमनला आणायला गेले.