प्रार्थनेपुरता आवाज

माझ्या नवऱ्याचा आवाज अर्ध्या शहराने ऐकला असेल. एसटीत ते वाहतूक नियंत्रक होते, आणि बसस्थानकावर त्यांची ड्यूटी असली की माइक त्यांच्याकडेच यायचा. सिल्लोड, फर्दापूरमार्गे जळगाव, लासूर स्टेशन, वैजापूर. गावांची नावं ते घाई न करता, शेवटचं अक्षर न खाता उच्चारायचे. घरी मात्र कमी बोलायचे. घरात त्यांचा आवाज सलग ऐकू यायचा तो संध्याकाळच्या प्रार्थनेत. आणि रविवारी चर्चमध्ये, गाणी म्हणताना.

काही वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका सकाळी ते ड्यूटीवर निघायला खुर्चीवर बसून बूट घालत होते. मी डबा भरत होते. बराच वेळ झाला तरी नाडी बांधून होईना, म्हणून मी विचारलं, "काय झालं हो?" त्यांनी वर पाहिलं, तोंड उघडलं, आणि जे बाहेर आलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. ओठांची उजवी बाजू ओघळली होती. मुलगी तेव्हा बारावीत होती. ती आतून धावत आली आणि बापाचा चेहरा बघून जागीच थांबली. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली, दोघा-तिघांनी त्यांना उचललं, आणि आम्ही छावणी भागातल्या आमच्या घरून दवाखान्यात पोहोचलो. वाटेत ते माझा हात घट्ट धरून काहीतरी सांगत होते. मी "हो, हो" म्हणत होते. मला एक शब्द कळला नव्हता.

जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, पाय थोडा ओढत राहिला, आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की त्यांना ऐकलेलं बरंचसं कळतं, काय सांगायचं तेही मनात असतं, पण शब्द सापडत नाहीत. चहा हवा असला तरी 'चहा' हा शब्द हाती लागत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर गावांची नावं पुकारली त्याला आता स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं.

दवाखान्यातच एक प्रसंग घडला. आमच्या चर्चचे पाळक प्रार्थनेला आले होते. डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली, आणि त्याच वेळी नर्स सलाइनसाठी शीर शोधत होती. सुई चुकली. यांनी एक सणसणीत शिवी दिली, डेपोतल्या ड्रायव्हर लोकांच्या तोंडात असते तशी, आणि अगदी स्पष्ट. पाळकांनी डोळे उघडले. मी लाजेने पदर तोंडाला लावला, पण पदराआड मला हसू फुटत होतं. बोलले! पुढचा सगळा दिवस मी त्यांच्याशी बोलत राहिले, एक तरी शब्द यावा म्हणून. ते नुसते बघत राहिले, आणि संध्याकाळी डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या.

घरी आणल्यावर पिशोरहून, यांच्या गावाहून, सासूबाई आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांच्याविषयी थोडं सांगायला हवं. मी जन्माने ख्रिस्ती, याच शहरात वाढलेली. हे मात्र मेंढरं राखणाऱ्या घरातले. नोकरीसाठी शहरात आले, आमच्या चर्चजवळ खोली घेतली, आधी गाणी ऐकायला म्हणून मागच्या बाकावर बसू लागले आणि वर्षभराने बाप्तिस्मा घेतला. आत्याबाईंना ते लागलं होतं. मोठ्याने कधी बोलल्या नाहीत, पण लेकाने घरचे देव सोडले हे त्या विसरल्या नव्हत्या. आमच्याकडे कधीही राहायला आल्या तरी संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला बसलो की उठून गॅलरीत जायच्या. प्रार्थना संपली की आत यायच्या आणि काही झालंच नाही अशा आवाजात विचारायच्या, "जेवायला वाढू का?" वीस-बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. त्याचं कुणाला वाईटही वाटेनासं झालं होतं.

त्या वेळी मात्र घरात लोकांची ये-जा खूप होती. कुणी प्रार्थनेला, कुणी नुसतं बघायला. त्यातच बाहेरगावचे एक उपदेशक आले. शहरात त्यांच्या सभा चालू होत्या, आमच्या ओळखीच्या एका बाईंनी त्यांना घरी आणलं. त्यांनी यांच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ मोठमोठ्याने प्रार्थना केली, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बहिणी, मला प्रभूने दाखवलं आहे. ईस्टरच्या आधी यांची जीभ मोकळी होणार. हे देवाचं वचन समज. फक्त शंका घेऊ नकोस."

मी ते वचन समजले. समजायचंच होतं मला. स्वयंपाक करताना, यांचं अंग पुसताना, रिक्षाची वाट बघताना मी तेच धरून होते. शंका आली की घाबरून जायचे, की माझ्या एका शंकेमुळे यांचं बोलणं अडून राहील. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी उपास केले. आत्याबाई माझं झाकलेलं ताट बघून आपली भाकरी खायला बसायच्या.

ईस्टरला पहाटेच्या उपासनेला आम्ही यांना दोन्ही बाजूंनी धरून नेलं. नवीन शर्ट घातला होता. सगळे एकमेकांना शुभेच्छा देत होते, यांच्याही हातात हात देत होते, आणि हे मान हलवत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. घरी आलो. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बोला आता. काहीतरी बोला." त्यांनी प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा ताणल्या. "त, त, त" एवढंच येत राहिलं. मुलगी म्हणाली, "आई, पुरे." मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

त्यानंतर मी संध्याकाळची प्रार्थना बंद केली. बंद करते असं कुणाला सांगितलं नाही. त्या वेळेला मी कपडे इस्त्री करायला लागले, एवढंच.

मे महिन्यात पाळकबाई, आमच्या पाळकांच्या पत्नी, घरी आल्या. मी बरेच रविवार चर्चला गेले नव्हते. त्या कैऱ्या घेऊन आल्या होत्या. माझ्याबरोबर जमिनीवर बसून फोडी करायला लागल्या. मीच शेवटी म्हणाले, "देवाने दिलेलं वचन पाळलं नाही."

"कोणतं?"

मी सांगितलं. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"ते देवाने कधी दिलं होतं? ते त्या भल्या माणसाने दिलं होतं. देवाच्या नावावर दिलं आणि पुढच्या गावाला गेला."

"मग देवाने काय दिलंय आम्हाला?" माझा आवाज चढला होता. "सांगा ना. नुसतं बोलायला काय जातं?"

त्यांनी सुरी पुन्हा हातात घेतली. त्यांचा मोठा मुलगा लहानपणीच गेलेला, हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी त्यांना तसं विचारलं होतं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सोबत राहीन म्हणालाय. पाण्यातून जावं लागलं तर पाण्यात, विस्तवातून जावं लागलं तर विस्तवात. पाणी येणारच नाही असं तो कुठं म्हणाला? मी खूप शोधलं गं. माझं लेकरू गेलं तेव्हा बायबलची पानं चाळून चाळून शोधलं. तसं कुठंच नाही."

मला त्या बोलण्याने समाधान झालं, असं नाही. खरं तर रागच आला. एवढंच द्यायचं होतं? पण त्या गेल्यावर फोडींना मीठ लावताना माझ्या लक्षात आलं, की माझ्या डोक्यावरचं एक ओझं उतरलंय. यांचं बोलणं माझ्या शंकेमुळे अडलं नव्हतं.

तरीही प्रार्थना मी सुरू केली नव्हती. ती सुरू केली आत्याबाईंनी.

एका संध्याकाळी मी इस्त्री लावत होते. आत्याबाई येऊन समोर उभ्या राहिल्या. "का गं, तुमचं ते बंद केलं का?"

"काय आत्याबाई?"

"ते बसून म्हणता ते."

मी पुढचा शर्ट अंथरला.

"ह्यो रोज वाट बघतो," त्या म्हणाल्या. "दिवा लागला की दिवाणावर सरकून बसतो. तुला जागा करून देतो शेजारी. तू येत नाय, मग आडवा होतो. लई दिवस झाले, बघते मी."

मी इस्त्रीचं बटण बंद केलं. खरंच ते दिवाणाच्या एका कडेला बसले होते आणि शेजारची जागा रिकामी होती. मी मुलीला हाक मारली. आत्याबाई सवयीने गॅलरीकडे निघाल्या.

काय मागावं ते मला सुचेना, म्हणून मी सरळ प्रभूची प्रार्थना, येशूने शिकवलेली ती, सुरू केली. लहानपणापासून पाठ आहे, विचार न करता येते. पहिल्या शब्दांनंतर मला माझ्या आवाजाखाली दुसरा आवाज ऐकू आला. मला वाटलं, मुलगी. मी डोळे उघडले. मुलीचं तोंड बंद होतं आणि ती बापाकडे बघत होती. हे म्हणत होते. डोळे मिटून, हळू, थोडं घोगरं, पण एकेक शब्द पुरा. शेवटचं अक्षर न खाता. मी घाबरून थांबले तर तेही थांबले. मी परत सुरू केलं, ते बरोबर आले. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' ही ओळ आली तेव्हा गॅलरीच्या दारात आत्याबाई उभ्या होत्या. आमेन झाल्यावर त्या पुढे आल्या, लेकाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "भाकर मागितली रं त्यानं. माझ्या लेकरानं भाकर मागितली." आणि खरोखरच स्वयंपाकघरात जाऊन भाकरी घेऊन आल्या.

मी यांना लगेच विचारलं, "पाणी हवंय का? माझं नाव काय? सांगा." पुन्हा तेच, "त, त." पण या वेळी ते स्वतःच हसले.

बोलणं शिकवायला एक ताई घरी यायच्या. त्यांना आम्ही हे सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, असं होतं. नवीन वाक्य जुळवायचं काम मेंदूच्या एका भागाचं, आणि वर्षानुवर्षं म्हटलेलं, गायलेलं, अंगवळणी पडलेलं वेगळ्या वाटेने येतं. शिव्यासुद्धा.

ताई गेल्यावर मुलगी म्हणाली, "म्हणजे दवाखान्यातली शिवी आणि प्रार्थना एकाच वाटेने आली! मग हा काही चमत्कार नाही, आई."

"नसेल," मी म्हणाले.

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. चमत्कार नव्हता हे मला पटतं. पण मला दुसरंच काही दिसतं. पंचवीस वर्षं हा माणूस ड्यूटीवरून दमून यायचा आणि पाय धुऊन तेच शब्द म्हणायचा. कितीदा तरी डुलक्या घेत म्हटले असतील, कितीदा नुसते तोंडाने. आम्हाला वाटायचं, आपण ते शब्द धरून आहोत. मग ते सगळं हातून सुटायची वेळ आली, आणि त्या शब्दांनीच त्यांना धरून ठेवलं. सोबत राहीन म्हणजे काय, हे मला त्या दिवाणावर बसल्यावर थोडं कळलं. सगळं कळलं असं मी म्हणणार नाही. अजूनही काही संध्याकाळी मी रागातच प्रार्थनेला बसते. पण बसते.

आत्याबाई त्या दिवसापासून गॅलरीत गेल्या नाहीत. त्या आमच्यात बसायच्या, आमच्याबरोबर काही म्हणायच्या नाहीत. सकाळी स्वतःच्या देवाला हळद-कुंकू वाहायच्या आणि संध्याकाळी लेकाचा आवाज ऐकायला भिंतीला टेकून बसायच्या. दोन दिवस मला ताप होता, तेव्हा त्यांनीच मुलीला सांगितलं, "तू म्हण. सुरुवात कर, तो येतो मागून."

ताईंनी पुढे गाण्याच्या चालीवर शब्द बसवून शिकवलं. आता ते एकेक शब्द बोलतात. चहा. चष्मा. बस. मला आणि मुलीला दोघींनाही "ताई" म्हणतात. डेपोत परत जाता आलं नाही. मनातलं अख्खं वाक्य आजही ते सांगू शकत नाहीत, आणि डॉक्टरांना तशी फारशी आशा नाही.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही पिशोरला, गावी परतलेल्या आत्याबाईंकडे, चार दिवस राहून आलो. निघताना आत्याबाई फाट्यापर्यंत आल्या. गाडीला उशीर होता. त्यांनी मला विचारलं, "सगळं बोलंल का गं तो कधी?"

"ठाऊक नाही, आत्याबाई."

"तुझा देव काय म्हणतो?"

"त्याबद्दल काही म्हणाला नाही. सोडून जाणार नाही, एवढं म्हणालाय."

त्यांनी लेकाच्या शर्टाची कॉलर सारखी केली. "व्हय," त्या म्हणाल्या. "तेवढं दिसतं."

गाडी आली. मी यांना धरून पायरीवर चढवलं. ते दारातच थांबले, मागे वळले, आणि निरोपाचा शब्द शोधू लागले. मागे लोक खोळंबले, कंडक्टर "चला, चला" करायला लागला. 'येतो' म्हणायचं होतं त्यांना. ओठ हलले, आणि अर्धाच शब्द बाहेर आला. "ये."

खाली उभ्या असलेल्या आत्याबाईंनी कपाळावरचा पदर मागे सारला. "येते की," त्या म्हणाल्या. "तुरी निघाल्या की येते."