शुभेच्छुक: बार्ली, हॉप्स आणि पाणी

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतली अक्षदा फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. नाक्यावर वाढदिवसाचे बॅनर लागतात ना, मध्ये गॉगल लावलेले भाऊ आणि खाली हात जोडलेले ढीगभर शुभेच्छुक, ते सगळं तिचं काम. कोणाचं डोकं केवढं हे मात्र तिच्या खुर्चीमागे उभी असलेली माणसं ठरवणार. "ताई, माझा फोटो अजून मोठा करा." अर्ध्या गिरणगावाची तोंडं तिने चिकटवली, पण तिचं नाव कशावरच आलं नाही. हे तिला खुपायचं. शेजारी राहून मला तिच्याहून जास्त.

तिचा धाकटा भाऊ सुशांत हौसेने घरी बिअर करतो. मोरीशेजारी त्याचं पिंप बुडबुडत असतं आणि त्यांची आई, बेबीकाकू, नाक मुरडत त्याला वळसा घालून जाते. अशाच हौशी मंडळींनी वरळीला एका गच्चीवर स्पर्धा ठेवली. चवीला एक बक्षीस, बाटलीवरच्या लेबलला एक.

"लेबल मी करणार," अक्षदा म्हणाली. "आणि त्यावर माझं नाव येणार."

"टाक ना गं," सुशांत म्हणाला. "पण ते बॅनरवालं काय नको हां. एकदम क्लासी पायजे."

तिने क्लासी केलं. काळा कागद, सोनेरी गरुड, बारीक इंग्रजी अक्षरं. बेबीकाकूंनी चष्मा लावून बाटली फिरवून पाहिली.

"ह्या कसला औषध गो?"

झालं! अक्षदा भडकली. भडकली की ती फार सुरेख काम करते, हे अख्ख्या चाळीला ठाऊक आहे. तिने गरुड उडवला आणि सरळ वाढदिवसाचा बॅनरच मांडला. मधोमध गॉगल लावलेला बार्लीचा दाणा, शेजारी हात जोडलेली हॉप्सची कडू फुलं आणि पाण्याचा थेंब. यीस्ट कोपऱ्यात, टिकलीएवढं. सुशांत हसून लोळला, पण काकू काही हसल्या नाहीत.

"ह्येच्यात काम कोण करता?"

"यीस्ट. बार्लीतली साखर खाऊन तेच बिअर बनवतं. पण ते कोणाला दिसत नाही."

"दिसना नाय म्हणान काय झाला? मगे तेचोच फोटो मोठो लाव."

अक्षदा आईकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरले आणि माझेही.

शेवटी लेबलवर मधोमध विराजमान झाले ते गॉगल आणि सोन्याची चेन घातलेले यीस्टभाऊ. वर 'हार्दिक शुभेच्छा', खाली बाकीचे शुभेच्छुक. आणि तळाला, चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत, 'मांडणी: अक्षदा'.

चवीत सुशांत आपटला. आपटणारच होता, मी चाखली होती. पण लेबलच्या बक्षिसाला अक्षदाचं नाव पुकारल्यावर गच्ची दणाणली आणि सगळ्यांत मोठी शिट्टी त्याचीच होती. लोक रिकाम्या बाटल्या विसळून घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर फ्लेक्स लागला. त्यावर एकच चेहरा, गॉगल लावलेल्या अक्षदाचा. खाली शुभेच्छुक दोनच: सुशांत आणि बेबी.

कमरेवर हात ठेवून अक्षदाने तो वरपासून खालपर्यंत तपासला. "डोकं केवढं केलंयस रे! आणि अक्षरं किती चिकटवलीयस."

"उतरवू का मग?"

"हात तर लावून बघ!"