सपाट बुडाची होडी

आमच्या दारापुढच्या चिखलात एक पांढरी फायबरची होडी पडून आहे. येता-जाता ती दिसली की माझं डोकं फिरतं. कोणी विकत घ्यायला आलं तर मीच हाकलून देते. घेणारा ती समुद्रावर नेणार आणि त्याच्या बायकोचे तळतळाट मला लागणार.

डोंबिवलीच्या खाडीवर माझं सासर. बोईट, कोळंबी, चिंबोरी, पोटापुरतं खाडीतच मिळायचं. मग कारखान्यांनी खाडीचं गटार करून टाकलं, मेल्यांनी! मासा शिजवला की घरभर रॉकेलसारखा वास. बाजारात माझ्या पाटीसमोर गिऱ्हाईक नाक दाबून पुढे जायचं. शेवटी नवरा म्हणाला, "आता भाईर, मोठ्या पान्यात जायाचं." वसईच्या खाडीच्या तोंडाशी माझं माहेर. होडी तिथे ठेवायची आणि तिथून समुद्रात उतरायचं, असं ठरलं. त्यासाठी इंजिनची होडी बघायला आम्ही दोघं ठाण्याला गेलेलो.

दुकानामागे खाडीतच दोन होड्या बांधलेल्या. एक सपाट बुडाची, दुसरीच्या पोटाला धार. नवऱ्याने काय केलं? जन्मभर खाडीत जे केलं तेच! सपाट होडीच्या काठावर पाय देऊन उभा राहिला. ती हलली नाही. मग वाकून बघितलं, तर वीतभर पाण्यातही मजेत तरंगत होती. ओहोटीला चिखलावरून सरकली की होडी चांगली, ही आमच्या खाडीतली परीक्षा. धारवालीच्या काठावर पाय ठेवला तशी ती कलली. "ही तर आताच झिंगली गो!" म्हणून तो हसला. आणि तो विकणारा, ज्याच्या बुटाला कधी पाण्याचा थेंब लागला नसेल, तो म्हणतो, "काका, सपाटवाली एकदम सेफ. चहाचा कप ठेवा, सांडणार नाही." अरे, आयुष्यात कधी लाट बघितलीस का रे तू?

मला मात्र बूड बघताक्षणी कळलेलं. माझे वडील समुद्रावर जाणारे. उसळत्या पाण्यात सपाट बूड लाटेवर आपटतं आणि प्रत्येक दणका बसणाऱ्याच्या पाठीत जातो. धारेचं बूड कलतं, पण पाणी कापत जातं. हे मी लहानपणापासून ऐकलेलं. मी हळूच म्हटलं, "अहो, दुसरी पण बघा ना." नवऱ्याने नुसतं वळून बघितलं. आमच्यात मासळी बायकांची आणि होडी पुरुषांची. मी मासळीचा भाव सांगते तेव्हा तो चकार शब्द काढत नाही. मग होडीपाशी मी कशी तोंड घालणार? परक्या माणसासमोर त्याची मान खाली जायला नको, म्हणून गप्प बसले.

सपाटवालीच घेतली. तिसऱ्याच फेरीला वारा उठला. तासभर लाटांनी होडीला खालून दणके दिले. माझ्या भावाने आपल्या होडीमागे बांधून ती ओढत आणली आणि चौघांनी मिळून नवऱ्याला फळीवर घालून किनाऱ्यावर उतरवलं. मणका चेपलेला. डॉक्टर म्हणाले, हळूहळू चालतील, पण पुन्हा होडीत बसायचं नाव काढू नका. होडी भावाने भरतीला खाडीतून ओढत आणून आमच्या दारापुढे टाकली.

मी त्या विकणाऱ्याला फोन करून अशा शिव्या घातल्या की शेजारीण धावत आली. नवऱ्यालाही सोडलं नाही. तो खाटेवर आडवा, आणि मी पेजेची वाटी घेऊन त्याच्या डोक्यावर उभी.

"मेव्हण्याला एक शब्द विचारला असतात तर नाक कापलं असतं का तुमचं? खाडीचा माणूस, समुद्राची होडी निवडायला निघाला! मला तिथेच कळलेलं, तिथल्या तिथे!"

तो छताकडे बघत म्हणाला, "तुला तवाच कललेलं?"

"तर काय!"

"बाजारात तुझा आवाज पार स्टेशनापरेंत जातो," तो म्हणाला. रागाने नाही, सरळ विचारल्यासारखं. "मंग त्या दिवशी का गो नाय वरडलीस?"

मी खाली बसले आणि त्याला चमच्याने पेज भरवायला लागले.