तणसाची चाकं

लढाईच्या दिवसांत मोटारीच्या चाकांना ट्यूब मिळेनाशा झाल्या होत्या. नवऱ्याची सवारी मोटार दवनीवाड्याहून गोंदियाला जायची, आणि वर्षाचं पासिंग तोंडावर आलेलं. आम्ही दोघांनी धानाचं तणस वळून वळून टायरांत ठासलं. माझी बोटं सोलून निघाली. तडे गेले होते तिथं ह्यांनी काळा रंग फासला. तपासणीच्या साहेबानं, मुडद्यानं, एकाच चाकाला लाथ मारून पाहिली आणि मोटार पास केली.

दुसऱ्या दिवशी माहेरी जायला मी हरखून पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"उतर. तू बैलबंडीनं जाय," हे म्हणाले.

"काऊन?"

ह्यांनी माझं गाठोडं उचलून खाली ठेवलं. मागे लेकुरवाळ्या बाया बसल्या होत्या. त्यांना कोणी उतरा म्हटलं नाही.