“आधी डॉक्टरांना कळवीन” म्हणणारी नर्स नापास

माझी भाची सविता आखातातल्या नर्सिंगच्या परवान्याच्या परीक्षेत नापास झाली. दुपारी तिनंच फोन करून सांगितलं. संध्याकाळी ती सरावाचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आली.

मी पुस्तकातला एक प्रश्न विचारला, “झोपलेल्या पेशंटला अचानक धाप लागली. आधी काय करशील?”

“डॉक्टरांना कळवीन.”

बरोबर उत्तर होतं, आधी त्याला उठवून बसवा. असे सात प्रश्न विचारले. पाचांना तिचं उत्तर तेच, डॉक्टरांना कळवीन.

“अगं, तुला येत नाही का हे?”

“येतं गं मावशी! एकदा न विचारता पेशंटला बसवलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टर सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही डॉक्टर कधी झालात?’ तेव्हापासून हात आधी फोनकडेच जातो.”

वर तिचे वडील सगळ्यांना सांगत सुटलेत, पोरीनं अभ्यासच नाय केला.

मला संताप आला तो याचा. नाशिकच्या ज्या खासगी हॉस्पिटलात ती नोकरी करते, तिथं सहा वर्षं तिला स्वतःच्या डोक्यानं काही करू दिलं नाही, आणि आता नापासाचा शिक्का एकटीच्या कपाळावर.

दोन महिन्यांनी ती पुन्हा परीक्षेला बसणार आहे. पण उद्या सकाळी सातला त्याच वॉर्डात ड्युटी आहे. तिथं पुस्तकाप्रमाणे वागली तर बोलणी खाणार, नाही वागली तर हीच सवय आणखी पक्की होणार.

नर्स असलेल्या मैत्रिणींनो, तुमच्या वॉर्डात तुम्ही आधी काय करता? खरं सांगा, ती वाचणार आहे.