प्रतीक्षाचे चौदा मसुदे

डीनसरांनी प्रिंटआउट माझ्या टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मॅडम, हे त्या मुलीनं लिहिलेलं नाही. तुम्ही तसं लेखी द्या, म्हणजे मी दुसरं नाव पाठवतो."

मी चष्मा लावला. वर नाव होतं, प्रतीक्षा साळुंखे, एमएस्सी पर्यावरणशास्त्र, दुसरं वर्ष. खाली दोन पानं इंग्रजी मजकूर आणि जवळजवळ प्रत्येक ओळीवर पिवळा पट्टा. आमच्याकडे एक सॉफ्टवेअर आहे. मजकूर माणसाने लिहिला की एआयने, हे ते सांगतं. निदान तसा त्याचा दावा आहे. पिवळं म्हणजे एआयचा संशय.

माझं काम थोडक्यात सांगते. कराडजवळच्या एका विद्यापीठात मी अकरा वर्षं लँग्वेज सपोर्ट सेंटर चालवते. नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात लायब्ररीच्या मागची एक खोली, वीस खुर्च्या आणि मी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीत रिपोर्ट, अर्ज, पेपर कसे लिहायचे ते शिकवायचं. दर शनिवारी वर्कशॉप असतं आणि त्यात मी एक हँडआउट वाटते, म्हणजे त्या दिवसाचे मुद्दे छापलेला कागद.

त्या वर्षी परदेशातल्या एका विद्यापीठात एक सत्र काम करायची एक जागा आमच्या वाट्याला आली होती. अर्जासोबत 'स्टेटमेंट' लागायचं. मी कोण, काय काम केलं, पुढे काय करायचंय, हे दोन पानांत सांगायचं. आणि हा मजकूर विद्यार्थ्याचाच आहे अशी सपोर्ट सेंटरची सही लागायची. नाव शुक्रवारी जाणार होतं. डीनसर आले तो बुधवार होता. मी सही केली नाही की प्रतीक्षा बाद.

माझा स्वभाव मुळात संशयी. आमचे हे म्हणतात, तू प्रसादाचा पेढाही उलटा करून बघतेस. त्यामुळे पिवळे पट्टे नसते तरी माझ्या मनात पाल चुकचुकली असती. जुलैत पहिल्या वर्कशॉपला या मुलीने अर्धं पान लिहिलं होतं, ते मला आठवत होतं. वाक्यं सुरू व्हायची आणि मध्येच कुठेतरी हरवायची. आता ही दोन पानं. छोटी, सरळ वाक्यं. प्रत्येक परिच्छेदाला नंबर. एकही शब्द जास्तीचा नाही. पाच महिन्यांत एवढा फरक? कुठेतरी पाणी मुरत होतं.

शिवाय इस्लामपूरकडचं एक झेरॉक्सचं दुकान मला माहीत होतं. तिथे प्रोजेक्ट बाइंडिंगसकट तयार मिळतात. दोन वर्षांपूर्वी तिथलाच एक प्रोजेक्ट तीन मुलांनी तीन नावांनी मला दिला होता. तेव्हापासून चांगलं इंग्रजी दिसलं की मला आधी ते दुकान आठवतं.

दुपारी मी प्रतीक्षाला बोलावलं. समोर कोरा कागद ठेवला.

"तुझ्या कामाबद्दल एक परिच्छेद लिही. वीस मिनिटं."

ती बसली. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. परत लिहिल्या, परत खोडल्या. वीस मिनिटांनी कागदावर चार वाक्यं होती आणि चारही लंगडी.

"हे एवढंच?"

"एकदम न्हाई येत मला, मॅडम."

"मग स्टेटमेंट कुणी लिहिलं?"

"मीच लिहिलंय."

"मदत कुणाची?"

तिने पेनचं टोपण लावलं. मग हळूच म्हणाली, "आण्णा बघतात."

"आण्णा कोण? इस्लामपूरचे का?"

तिने मान वर केली. तोपर्यंत बिचकलेली मुलगी एकदम ताठ झाली. "आण्णा म्हंजी माझे वडील. पाटणच्या पुढं गाव हाय आमचं. इस्लामपूरला मी कवा गेलेच न्हाई. समदे कागद फायलीत हायेत. उद्या आणू का?"

आण म्हटलं. पण मनात म्हटलं, रात्रीत फाईल तयार करायला कितीसा वेळ लागतो. संध्याकाळी डीनसरांनी फोन केला तेव्हा मी म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत थांबा, पण मलाही तसंच वाटतंय." हे वाक्य मला अजून टोचतं.

गुरुवारी दहाच्या ठोक्याला दारात वडीलच उभे. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, काखेत फाईल. मागे प्रतीक्षा.

"जय हिंद मॅडम. रिटायर्ड हवालदार क्लार्क साळुंखे. आत येऊ?"

ते बसले आणि फाईल माझ्याकडे तोंड करून ठेवली. डाव्या कोपऱ्यात भोक, त्यात हिरवी दोरी, प्रत्येक कागदाला नंबर. एकाच स्टेटमेंटचे चौदा मसुदे. पहिला मसुदा म्हणजे जुलैतलीच ती प्रतीक्षा, हरवलेल्या वाक्यांची. अक्षर तिचंच. कागद पाठकोरे, आणि वर लाल पेनाच्या खुणा.

"लाल पेन कुणाचा?"

"माझा. पलटणीत लाल पेन सायबाचा असतोय. घरात मीच सायब." ते हसले नाहीत, पण प्रतीक्षा खाली बघून हसली.

"म्हणजे दुरुस्त तुम्ही केलंत."

"न्हाई मॅडम. मला एवढं इंग्रजी येत असतं तर क्लार्क कशाला राहिलो असतो? सतरा वर्षं मी सायबाफुडं पत्रं ठेवली. पयल्या फटक्यात एकबी पास झालं न्हाई. सायब नुस्ता गोल करून कागद माघारी धाडायचा. काय चुकलं ते सांगायचा न्हाई. ते आपण हुडकायचं. मी पोरीला तेच केलं."

मी खुणा बघितल्या. खरंच, एकही शब्द सुचवलेला नव्हता. नुसते गोल आणि बाजूला मराठीत प्रश्न. 'कुणी केलं?' 'किती?' 'कवा?' 'तू बघितलंस का?' 'कुठून घेतलं?' आणि प्रत्येक पानाच्या तळाला सही, तारीख आणि 'पुन्हा'.

तरी माझा संशय हटेना. चौदा कागद एका रात्रीत कुणी लिहीत नाही हे खरं, पण प्रश्न विचारून उत्तरही सांगता येतं. मी सहावा मसुदा काढला. त्यात वाक्य होतं की आमच्या गावचे झरे आता आटत चाललेत. सातव्यात ते गायब.

"हे का काढलंस?" मी प्रतीक्षाला विचारलं.

"आण्णांनी 'किती?' लिवलं. मला सांगता येईना. सगळे म्हणतात तसं मीबी लिवलं हुतं. मग दर रविवारी बादली आन् घड्याळ घेऊन चार झऱ्यांवर गेले. बादली भरायला किती वेळ लागतोय ते मोजलं. नवव्या मसुद्यात बघा."

बघितलं. नवव्यात चार झरे होते, प्रत्येकाची वेळ होती. तीन झऱ्यांचं पाणी कमी झालं होतं, एकाचं तसंच होतं. चौथा का टिकला, हे कसं शोधायचं ते मला तिकडच्या विद्यापीठात शिकायचंय, असं शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं. ती दहा मिनिटं त्या चौथ्या झऱ्याबद्दल बोलत राहिली, मराठीतच, हातवारे करत. वडिलांनी मध्ये एक अक्षर घातलं नाही.

मग मला काल दुपारचा कोरा कागद आठवला आणि शरम वाटली. पहिला मसुदा वाईटच असतो, त्याला घाबरू नका, लिहिणं म्हणजे परत परत लिहिणं, हे मी अकरा वर्षं दर जुलैत सांगते. या मुलीने ते ऐकलं होतं. आणि मी तिला वीस मिनिटांत पकडायला निघाले होते. काल तिने जे लिहिलं तो पहिला मसुदा होता, आणि तो जसा असतो तसाच होता.

सॉफ्टवेअर का चुकलं असेल याचा माझा अंदाज असा. हवालदारांच्या शिस्तीत एका वाक्यात एकच गोष्ट बसते आणि फुलोरा चालत नाही. इतकं नेटकं लिहिणारा माणूस त्या सॉफ्टवेअरला ठाऊकच नसावा.

मजकूर विद्यार्थ्याचाच असल्याचं सर्टिफिकेट मी पुढे ओढलं आणि पेन उघडला. फाईल मिटता मिटता तिचा शेवटचा भाग दिसला. तिथे माझीच हँडआउट्स होती, सगळी, भोक पाडून ओळीने लावलेली. सर्वात वर चौथ्या वर्कशॉपचं होतं. विषय, दुसऱ्याचा मजकूर आपल्या नावावर का खपवू नये. वर आमच्या विद्यापीठाचं चिन्ह, खाली माझं नाव. आणि मधोमध लाल पेनाने 'कुठून घेतलं?'

हवालदार अवघडले. "माफ करा मॅडम. हाताची सवय. फुडं कागद आला की इचारतो. तुमाला न्हाई इचारलं ते."

"असू द्या," मी म्हणाले. आणि फाईल घाईने मिटली.

कारण ते हँडआउट मी घेतलं होतं. सहा वर्षांपूर्वी, एका परदेशी विद्यापीठाच्या वेबसाइटवरून, जसंच्या तसं. फॉन्ट बदलला, चिन्ह बदललं, खाली माझं नाव टाकलं. तेव्हा मनाला काही वाटलं नव्हतं. शेकडो मुलांनी ते वाचलं, कुणी विचारलं नाही. त्या खोलीतही हे फक्त मला माहीत होतं.

मी सही केली. अक्षर नेहमीपेक्षा वाकडं आलं.

डीनसरांना फाईल दाखवली. त्यांनी पाचसहा पानं उलटली. "उद्या काही निघालं तर जबाबदारी तुमची."

"माझीच," मी म्हणाले. शुक्रवारी नाव गेलं. महिन्याभराने तिकडच्या लोकांनी व्हिडिओ कॉलवर प्रतीक्षाशी बोलून घेतलं आणि तिला बोलावलं. त्यांनी म्हणे सगळा वेळ चौथ्या झऱ्याबद्दलच विचारलं.

संशय घ्यायची माझी सवय काही सुटलेली नाही. आता मी फक्त सुरुवात स्वतःच्या कपाटापासून करते. सही केली त्याच आठवड्यात सगळी हँडआउट्स काढली. पाच उचललेली निघाली. मूळ कुठलं ते शोधून पाचांच्याही तळाला छापलं, आणि शनिवारी वर्कशॉपमध्ये मुलांना हे कसं झालं ते सांगून टाकलं. पोरांनी एकेक प्रत घेतली. प्रतीक्षाने मात्र चौथ्या वर्कशॉपच्या हँडआउटच्या दोन प्रती घेतल्या.

सोमवारी त्यातली एक माझ्या टेबलावर आली. कोपऱ्यात भोक पाडलेलं होतं. 'कुठून घेतलं?' या वेळी नव्हतं. तळाशी लाल पेनाची छोटी सही होती, तारीख होती, आणि 'पुन्हा'च्या जागी 'पास'.