येजा की येजो

माझी पहिली कादंबरी छापून आली तेव्हा बुलढाण्यातल्या ओळखीच्या लोकांनी एकच गोष्ट विचारली: या वयात प्रेमाचं कसं काय सुचलं? विचारणारी सगळी माझी गिऱ्हाइकं. मी लग्नपत्रिका छापतो. कॉलेज सुटल्यापासून दुसरं काही केलं नाही. गावातल्या कितीतरी लग्नांच्या तारखा मला मुलीच्या मामाच्या आधी कळल्या आहेत.

पण पत्रिकेत प्रेम नसतं. कुलदैवत असतं, मुहूर्त असतो, निमंत्रकांची रांग असते, कोणाचं नाव कोणाच्या वर घ्यायचं यावरून झालेली भांडणं असतात. ज्या दोघांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्या वाट्याला आपापल्या नावापलीकडे एक शब्द येत नाही. हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं. ते जाणवून दिलं एका जोडप्यानं.

साखरपुडा झालेले दोघं. घरच्यांनी त्यांना प्रूफ तपासायला पाठवलं. दोघांनी खुर्च्या जवळ ओढून कागद वाचला आणि मुलीनं आजोबांच्या नावात चूक काढली. मी दुरुस्त केली. चार दिवसांनी पुन्हा आले, या वेळी मुलानं कार्यालयाच्या पत्त्यात चूक काढली. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी आजोबांचं नाव पुन्हा पहिल्यासारखं करायला सांगितलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रूफ बरोबर निघालं की यांचं भेटणं बंद होणार होतं. त्यानंतर मीच एक वेलांटी मुद्दाम चुकवून ठेवली. मुलीनं ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काका, हे पन चुकलं वाट्टे. परवा येतो आमी."

माझ्या कादंबरीची सुरुवात ती वेलांटी. त्या दोघांना न विचारता त्यांचं गुपित मी उचललं, याची टोचणी मला आहे. पण खरं ओझं याहून मोठं आहे आणि ते घरातलं आहे.

आषाढी एकादशीनंतर मुहूर्त थांबतात, दुकान शांत होतं. मी शटर तासभर लवकर उघडायचो आणि दुकानाच्याच कॉम्प्युटरवर लिहायला बसायचो. घरी लिहून पाहिलं, जमलं नाही. ज्या कीबोर्डवरची अक्षरं माझ्या बोटांनी पुसली गेलीत, त्यावरच माझा हात चालतो. पण हाताला सवय पत्रिकेची. पहिल्या प्रकरणात माझा नायक लोणारच्या सरोवराकाठी नायिकेला म्हणाला, "आपल्या आगमनाने माझा आनंद द्विगुणित झाला." मी वाचलं आणि एकटाच हसत बसलो. पुढे अहेर आणू नये एवढंच म्हणायचं राहिलं होतं.

मग मी त्यांना आपल्या बोलीत बोलायला लावलं. नायक बोलू लागला, कारण त्याला मी माझीच बोली दिली. नायिका मात्र तोंड उघडेना. शेवटी मी तिला माझ्या बायकोचा एक शब्द दिला, आणि ती घडाघडा बोलायला लागली.

तो शब्द समजायला आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल. कोणाला पुढं कधीतरी यायला सांगायचं असलं तर लहानाला, मित्राला, आपल्या माणसाला आम्ही 'येजो' म्हणतो. मोठ्याला, परक्याला, मान द्यायचा त्याला 'येजा'. बायको नवऱ्याला 'येजा' म्हणते. लवकर येजा, दूध आनजा, आईले फोन करजा. माझी बायको आजही असंच बोलते.

फक्त एकदा तिनं मला 'येजो' म्हटलं होतं. आमचा साखरपुडा झाला होता, लग्न व्हायचं होतं. तिचं माहेर देऊळघाटचं, घरचा भाजीपाला. मी काहीतरी निमित्त काढून गेलो होतो. परत निघालो तेव्हा ती वांग्यांची पिशवी घेऊन बसच्या फाट्यापर्यंत आली. मागून तिची काकू. पिशवी देताना ती हळूच म्हणाली, "पोळ्याले येजो." आणि लगेच तोंडावर हात ठेवून म्हणाली, "येजा." बिचारीची जीभ घसरली, असं मी धरून चाललो. पण त्या घसरलेल्या शब्दावर मी लग्नानंतरची सगळी वर्षं आनंदात काढली, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

आणि तोच शब्द मी तिला न विचारता पुस्तकात घातला. पिशवी, फाटा, काकू, तोंडावरचा हात, सगळं तसंच. तिनं विचारलं होतं, काय लिहून राह्यले म्हणून. मी म्हटलं, उल्केनं झालेल्या लोणारच्या सरोवरावर पुस्तक आहे. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. ती अभिमानानं गल्लीत सांगत फिरली, "आमचे हे उल्केवर पुस्तक लिहून राह्यले." एका विज्ञानाच्या मास्तरांनी तर रस्त्यात अडवून मला खड्ड्याची खोली विचारली.

पुस्तक पुण्याच्या एका प्रकाशकांनी स्वीकारलं. छपाईला जायच्या आधी संपादक बाईंचा फोन आला. अतिशय सभ्य बाई. म्हणाल्या, "नायिका एकदा येजो म्हणते, एरवी येजा. एक मुद्रणदोष असणार ना? आपण एकच रूप ठेवू या." मी म्हटलं, बाई, त्या दोन अक्षरांतच तर पुस्तक आहे. त्या म्हणाल्या, "मग वाचकाला ते नीट कळेल असं करा. आठवडाभर थांबते." तो आठवडा मी तेच प्रकरण उघडून बसलो. येजो, येजा. येजा, येजो. बोटांना दुसरं काही सुचेना.

आणि त्याच आठवड्यात घात झाला. पत्रिकेच्या तळाशी लेकराबाळांच्या तोंडी एक ओळ असते, ती एका घराला वऱ्हाडीतून हवी होती: 'आमच्या मावशीच्या लग्नाले येजा बरं.' त्यांनी प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलं, बरोबर आहे म्हणाले. नंतर अक्षर मोठं करा म्हटलं म्हणून मी ती ओळ पुन्हा टाइप केली. कादंबरी स्क्रीनवर शेजारच्या खिडकीत उघडी होती.

त्या घरातल्या नवरीचे काका गठ्ठे न्यायला आले तेव्हा बायको काउंटरवर पाकिटं मोजत होती. काकांनी वरची पत्रिका उघडली, चष्मा खाली-वर केला.

"काहो, हे काय छापलं? आमच्या मावशीच्या लग्नाले येजो?"

मी खालची दुसरी पत्रिका उघडली. तिथंही येजोच.

"तहसीलदार साहेबाले देनार आहो मी हे. त्याले म्हनू का, येजो बे? तो काय माह्यासंगं गोट्या खेळला? अन् व्याही? व्याही तं असा मानूस हाये की जेवाले बस म्हटलं तं उठून जाते, बसा म्हना लागते."

पुन्हा छापायला वेळ नव्हता, लग्न तोंडावर होतं. बायकोनं पत्रिका हातात घेतली, ती ओळ वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहिलं. तिला काहीतरी कळलं असणार, पण काकांना ती शांतपणे म्हणाली, "काका, शब्द नाही बदलाचा. वरची मात्रा तेवढी काढली की येजाच हाये. दुपारून या, सगळ्या नीट करून ठेवतो."

"सगळ्या?"

"सगळ्या. तुमी जेवून या."

काका गेले. तिनं दोन ब्लेड काढली, एक माझ्यापुढं ठेवलं. आम्ही समोरासमोर बसलो आणि मात्रा खरवडायला लागलो. जाड कागद, बारीक रेघ. हलक्या हातानं घासली की जाते, जोर दिला तर भोक पडतं. तिच्या पत्रिका साफ निघत होत्या. माझ्यातल्या दोन फाटल्या.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "हा शब्द तुमच्या बोटात आला कुठून?"

"आपल्याकडं बोलतातच की."

"तुमी कोनाले बोलता?"

मी ब्लेड खाली ठेवलं आणि सांगून टाकलं. पुस्तक उल्केवर नाही, दोन माणसांवर आहे. त्यातली बाई तुझ्यासारखी बोलते. फाटा आहे, काकू आहे. तुला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस तर माझ्याकडे पुस्तकच उरलं नसतं. अजून छपाईला गेलेलं नाही. तू म्हणशील तर तो शब्द काढतो.

ती मात्रा खरवडत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मी गावभर उल्का सांगत फिरली, अन् उल्का मीच."

मला हसावं की नाही कळेना.

"वाचू द्या," ती म्हणाली.

मी प्रकरण उघडून दिलं. ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून वाचायला लागली आणि मी एकटा खरवडत बसलो. कान तिकडे. माझ्या लिहिण्याची अशी परीक्षा त्याआधी झाली नव्हती, पुढेही होणार नाही. पुण्याच्या बाई नाही म्हणाल्या असत्या तर मी दुसरा प्रकाशक पाहिला असता. ही नाही म्हणाली असती तर प्रश्न मिटला होता. एकदा ती खुदकन हसली. एकदा म्हणाली, "काकू एवढी जाडी नव्हती."

शेवटी तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे चुकलं."

"काढतो," मी म्हटलं.

"काढा म्हटलं का मी? चुकलं म्हटलं. तुमी लिहिलं, तिची जीभ घसरली. जीभ कायची घसरते? मी घरून फाट्यालोक मनातल्या मनात घोकत आली होती. येजो, येजो, येजो."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. "मग तोंडावर हात?"

"काकू जवळ आली ना. तिनं ऐकलं असतं तं आईले सांगतलं असतं, पोरगी आतापासूनच नवऱ्याले अरे-तुरे करते म्हनून. काकूसाठी म्हटलं येजा. अन् तुमी? खाली मान घालून वांगे पाहून राह्यले होते. मले वाटलं, याले ऐकूच आलं नाही."

"ऐकू आलं होतं."

"मग आतालोक सांगतलं काऊन नाही?"

इतकी वर्षं मी एका चुकीवर खूश होतो, आणि ती चूक नव्हतीच. ती ठरवून दिलेली वस्तू होती, आणि मी ती रस्त्यात सापडल्यासारखी खिशात घालून ठेवली होती. दुसरी एखादी बाई चिडली असती. ही हसायला लागली, आणि तिचं पाहून मीही.

दुपारी काका आले. त्यांनी पत्रिका उजेडात धरून पाहिली, मात्रेचा मागमूस नाही. म्हणाले, "तुमच्यापेक्षा वहिनीचा हात साफ हाये." गठ्ठे घेऊन गेले. जाताना आम्हाला दोघांनाही 'येजा' म्हणून गेले.

मग मी संपादक बाईंना फोन केला. म्हटलं, येजो राहील, येजाही राहील, पण ते पान नव्यानं लिहावं लागेल, नायिकेबद्दल माझी माहिती अपुरी होती. बाई हसल्या. म्हणाल्या, "लेखकाचीच माहिती अपुरी?" मी हो म्हटलं.

फोन ठेवून मी जुना परिच्छेद पुसला. जीभ घसरल्याचं गेलं, लाजल्याचं गेलं. नायिका घरून निघाली इथपर्यंत लिहिलं आणि बोटं थांबली. बायको पाकिटांचा पसारा आवरत होती. तिनं माझ्या खांद्यावरून पाहिलं, खुर्ची ओढून शेजारी आणली.

"सरका," ती म्हणाली. "तिच्या मनात काय चाललं होतं, तुमाले काय मालूम?"

मी सरकलो. ती सांगत गेली, मी टाइप करत गेलो.